न पिणारा पोरगा पुरुष म्हणून कमी असतो का?

पत्र (थोडं कापलंय, ओळख पटेल असं काढून टाकलंय):

"ताई, मी २४ वर्षांचा आहे. गाव कोल्हापूर जिल्ह्यात, वडील माळकरी, घरात दारूचं नाव पण कोणी काढत नाही. मेकॅनिकल केलं, पुण्यात जपानी शिकलो आणि आता नागोयाजवळ एका पार्ट्सच्या कंपनीत आहे. प्यायला इंजिनियरिंगच्या होस्टेलवर लागलो. तिथं जो घेत नाही त्याला बायल्या म्हणायचे, आणि मी तसाही हळवा, पिक्चर बघताना रडतो, भांडण झालं की आवाजच निघत नाही, त्यामुळे माझ्यावर जरा जास्तच यायचं. इथं दर शुक्रवारी टीमबरोबर नोमिकाई असते म्हणजे ऑफिसनंतरची बैठक, सेक्शन हेड स्वतः ग्लास भरतात, नाही कसं म्हणायचं तेच कळत नाही. मध्यंतरी दोनदा असं झालं की रूमवर कसा आलो ते आठवत नाही, एकदा तर सायकल चालवत आलो होतो. गावी गेलो की मित्र म्हणतात जपानवरनं आलायस, बाटली काढ. खरं सांगायचं तर पिल्यावर मी मोकळा होतो, मुलींशी पण बोलतो, न पिता नुसता गप्प बसतो. म्हणजे मी पुरुष म्हणून कुठंतरी कमी आहे आणि ते भरून काढायला पितोय का? आणि बंद केलं तर इथं टिकणार कसा?"

उत्तर:

अरे, तुझा प्रश्न पुरुषपणाचा आहे आणि त्यावर मी सविस्तर बोलणारच आहे, पण आधी ती सायकल. कारण पत्रात तू ती एका ओळीत उरकलीस आणि मी मात्र तिथंच अडकले.

रात्रीचं काहीच आठवत नाही याला तुम्ही पोरं ब्लॅकआउट म्हणता आणि दुसऱ्या दिवशी हसता. होतं काय की रक्तात अल्कोहोल फार पटकन चढलं की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नव्या आठवणी साठवणं थांबवतो. बाकी सगळं चालू असतं. माणूस बोलतो, बिल देतो, कुलूप उघडतो, सायकल चालवतो, समोरच्याला कळतसुद्धा नाही की याच्या डोक्यात यातलं काहीच उतरत नाहीये. हे जास्त करून भराभर पिल्यावर आणि रिकाम्या पोटी होतं, आणि तुमच्याकडे ती नोमिहोदाईची पद्धत आहे ना, ठरलेले पैसे द्या आणि दीड-दोन तासांत हवं तेवढं प्या, ती तर भराभर प्यायलाच लावते. हिशोब करून बघ. ५ टक्क्यांच्या अर्धा लिटर बियरमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, दोन तासांत असे चार ग्लास झाले की ८० ग्रॅम, आणि शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच संपवू शकतं. म्हणजे शुक्रवारी रात्री नऊला तू थांबलास तरी शनिवारी पहाटेपर्यंत, कधी सकाळ उजाडेपर्यंत ते अंगात असतंच. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा पिण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पुरुषांसाठी दिवसाला ४० ग्रॅमच्या वर गेलं की आजारांचा धोका वाढतो असं म्हटलंय. तू एका बैठकीत त्याच्या दुप्पट जातोयस.

आणि सायकलचा कायदा तुला माहीत आहे का? १ नोव्हेंबर २०२४ पासून जपानमध्ये दारू पिऊन सायकल चालवणाऱ्याला, श्वासात ठरलेल्या मर्यादेच्या वर अल्कोहोल सापडलं तर, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड आहे. तू तिथं व्हिसावर आहेस, पकडला गेलास तर काय होईल याचा विचार कर, आणि न पकडता एखाद्या ट्रकखाली गेलास तर कोल्हापूरच्या त्या घरात काय होईल याचाही कर. मी घाबरवत नाहीये, मला खरंच तुझी काळजी वाटली. यापुढे शुक्रवारी सायकल घरीच, मग पिणार असशील किंवा नसशील.

आता तुझा प्रश्न. मी हळवा आहे, म्हणजे पुरुष म्हणून कमी आहे, म्हणून पितो का.

तुझ्या या प्रश्नामागे एक समजूत आहे की एक पट्टी आहे, तिच्या एका टोकाला पुरुष, दुसऱ्या टोकाला बाई, आणि तू हळवा असल्यामुळे पुरुषाच्या टोकापासून सरकत सरकत लांब गेलायस. ही समजूत फक्त तुझ्या होस्टेलची नाही, मानसशास्त्रवालेसुद्धा कितीतरी वर्षं असंच मोजत होते. १९७४ साली सँड्रा बेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते मोडलं. त्यांनी ६० गुणांची यादी केली, २० असे जे समाज पुरुषांकडून अपेक्षित धरतो, जसं स्वतंत्र असणं, ठामपणे बोलणं, स्पर्धा करणं, २० असे जे बायकांकडून धरतो, म्हणजे माया, दुसऱ्याचं दुःख समजणं, आणि २० कुठल्याच बाजूचे नसलेले, आणि माणसांना स्वतःला मार्क द्यायला सांगितले. निघालं काय तर या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीतच, वेगवेगळ्या आहेत. एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात. तू घर सोडून परक्या देशात, परक्या भाषेत नोकरी मिळवलीस, एकटा राहतोस, हे पहिल्या यादीतलंच आहे की! आणि पिक्चर बघून रडतोस हे दुसऱ्या यादीतलं. दुसरं जास्त आहे म्हणून पहिलं कमी झालं असं होत नाही.

पुढे संशोधकांनी अजून एक गोष्ट केली जी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी पुरुषी म्हणवणाऱ्या गुणांची फोड केली, कारण निर्णय घेणं वेगळं आणि दुसऱ्यावर दादागिरी करणं वेगळं, दोन्हीला मर्दपणा म्हटलं तरी. आणि पिण्याशी नातं तपासलं तर सगळा पुरुषीपणा एकगठ्ठा पिण्याकडे नेतो असं दिसत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक अभ्यास झाला, त्यात बेभान होईपर्यंत पिणाऱ्यांमध्ये कुठल्या समजुती जास्त होत्या? धोका पत्करायचाच, जिंकायचंच, आणि जास्तीत जास्त पोरी फिरवायच्या. आणि कामाला पहिलं स्थान देणं, जे आपण पुरुषाचंच लक्षण मानतो, ते उलट वाचवणारं निघालं. म्हणजे बघ, तुझ्या वडिलांचा पुरुषपणा, शेतात राबणारा, घर उभं करणारा, तो पिण्यापासून लांब ठेवतो. त्यामुळे तू हळवा आहेस म्हणून पितोस हे मला पटत नाही. तू हळवा आहेस हे कोणाला दिसू नये म्हणून पितोस, असं मला तुझं पत्र वाचून वाटतं. आणि हे दोन अगदी वेगळे आजार आहेत, दोघांचं औषध वेगळं.

कारण पुरुषपणाबद्दल एक विचित्र गोष्ट जवळजवळ सगळीकडे दिसते. २०२१ मध्ये ६२ देशांतला एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात लोकांना विचारलं होतं की पुरुषपण कमवावं लागतं का आणि ते सहज जाऊ शकतं का. कमी-जास्त प्रमाणात हो म्हणणारे सगळीकडे होते, आणि जिथं बायका-पुरुषांत समानता जास्त तिथं ही समजूत कमी दिसली. मुलगी मोठी झाली की बाई झाली, ते कोणी काढून घेत नाही, पण पोराला मात्र परत परत दाखवावं लागतं की मी पुरुष आहे, आणि एका शुक्रवारी नाही म्हटलं की खल्लास. आता दाखवायचं म्हटलं तर दारू ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पटकन जमणारी गोष्ट, त्यासाठी काही यावं लागत नाही, ग्लास उचलला की झालं. म्हणून जगात कुठंही गेलास तरी पुरुष बायकांपेक्षा जास्त पितात. फक्त किती जास्त, हे जागेनुसार प्रचंड बदलतं, आणि खरी गंमत तिथं आहे.

आपल्याकडचंच बघ ना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ ची. १५ वर्षांवरच्या पुरुषांत दारू घेतो असं सांगणारे महाराष्ट्रात १३.९ टक्के, गोव्यात ३६.९. बायका महाराष्ट्रात ०.४ आणि गोव्यात ५.५. आणि अरुणाचल प्रदेशात पुरुष ५३ च्या आसपास आणि बायका २४! सावंतवाडी-बांदा ओलांडून पलीकडे गेलं की पुरुषांच्या रक्तात काही बदलत नाही, बदलतं ते पिण्याभोवतीचं वातावरण, किंमत, मिळण्याची सोय, घरात ते चालतं की नाही. लोक सांगताना कमी सांगतात हे मान्य, पण तरी महाराष्ट्रात १०० पैकी ८६ पुरुष मी घेत नाही म्हणतात. तुझ्या होस्टेलवर तुला सांगितलं होतं की सगळेच घेतात. नाही घेत रे.

आता सगळेच घेतात आणि सगळ्यांना आवडतं, हे जे वाटतं ना, त्यावरचा एक अभ्यास तुला सांगायलाच हवा कारण तो वाचला तेव्हा मला आपली सगळी होस्टेलं आठवली. १९९३, प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी, डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर. त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं की कॅम्पसवर जेवढं पितात त्याबद्दल तुम्हाला स्वतःला कितपत बरं वाटतं आणि बाकीच्यांना कितपत बरं वाटत असेल. जवळजवळ प्रत्येकाला वाटत होतं की मलाच हे जरा खटकतं, बाकी सगळे खुश आहेत. म्हणजे खोलीतला प्रत्येक जण मनातून थोडा नाराज आणि प्रत्येकाला वाटतंय मी एकटाच. पुढचं अजून वाईट. काही महिन्यांनी परत विचारलं तर मुलींची मतं तशीच होती, पण मुलांनी स्वतःची मतं बदलून त्या खोट्या समजुतीच्या जवळ नेली होती. जे अस्तित्वातच नव्हतं त्याच्या मापाने पोरांनी स्वतःला कापून घेतलं. तुला बायल्या म्हणणाऱ्या त्या पोरांमध्ये किती जणांना ती चव आवडत नसेल, किती जणांना घरी कळेल याची भीती असेल, आणि किती जण तुला चिडवून फक्त स्वतःवरची नजर दुसरीकडे वळवत असतील, कधी विचार केलायस? मला वाटतं बरेच.

आणि तू म्हणतोस पिल्यावर मी मोकळा होतो, मुलींशी बोलतो. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही, तुला तसं होतच असेल, पण यातलं किती दारूचं आणि किती तुझं हे बघायला हवं. १९७७ मध्ये अमेरिकेत विल्सन आणि अब्राम्स या दोघांनी तरुण पुरुषांवर प्रयोग केला. काहींना व्होडका आणि टॉनिक दिलं, काहींना नुसतं टॉनिक, आणि मुद्दाम घोळ केला, म्हणजे काहींना दारू देऊन सांगितलं यात दारू नाही आणि काहींना नुसतं टॉनिक देऊन सांगितलं यात दारू आहे. मग एका अनोळखी मुलीशी बोलायला बसवलं आणि छातीचे ठोके मोजले. ज्यांना वाटत होतं आपण पिलोय त्यांची धडधड कमी राहिली, ग्लासात खरं काय होतं त्याने फरक पडला नाही! दोन वर्षांनी हेच बायकांवर करून बघितलं, तर उलटं. ज्या बायकांना वाटलं आपण पिलोय त्या जास्त अस्वस्थ झाल्या. पेय तेच, आणि पुरुषाला समाजाने सांगून ठेवलंय की पिलास की तुला सगळं माफ, आणि बाईला सांगून ठेवलंय की पिलीस की सांभाळ, लोक बघतायत. तर तो मोकळा होणारा पोरगा बाटलीतून येत नाही, तो तुझ्यातलाच आहे, त्याला फक्त बाहेर यायला परवानगी लागते आणि तू ती परवानगी दर शुक्रवारी विकत घेतोस.

हे वाचून उद्या लगेच तू न पिता मुलींशी गप्पा मारशील असं नाही होणार. सुरुवातीला जीभ जड होणार, हात घामेजणार. पण प्रत्येक वेळी पिऊनच बोललास तर न पिता बोलायची सवय कधी लागणारच नाही, हे तर तुलाही कळतंय. लहान सुरुवात कर, दुपारच्या जेवणाच्या वेळी ऑफिसमध्ये, दिवसाउजेडी, जिथं ग्लास नसतोच. आणि जर लोकांसमोर बोलायची भीती एवढी असेल की मीटिंगमध्ये पण घशाला कोरड पडते, तर तो एक ओळखीचा त्रास आहे, त्यावर समुपदेशनाने चांगला फरक पडतो. अशी भीती असलेले कितीतरी लोक ती दाबायला पितात, तू काही जगावेगळा नाहीस.

आता नागोया. तिथं टिकायचं कसं.

तुला वाटतंय जपानमध्ये नाही म्हणणं अशक्य आहे. पण तिथल्या लोकांच्या शरीरातच एक गोष्ट आहे जी तुझ्या बाजूने आहे. जपानी लोकांत ४० टक्क्यांच्या आसपास माणसं अशी आहेत ज्यांच्यात दारू पचवताना लागणारं एक एन्झाइम नीट काम करत नाही, थोडंसं घेतलं तरी तोंड लालबुंद होतं, धडधडतं, मळमळतं. तुझ्या टीममध्येही असे असणार, नीट बघ, कोणीतरी एका मगवर दोन तास काढत असेल किंवा पहिल्यापासून ऊलोंग चहा घेत असेल. त्यामुळे मला सोसत नाही हे वाक्य तिथं शेकडो वेळा ऐकलेलं असतं. 'नोमेनाइ ताइशित्सु नान् देस', एवढंच. तुझं तोंड लाल होत नसेल आणि असं म्हणणं खोटं वाटत असेल तर 'क्यो वा ऊरोन्चा दे', आज ऊलोंग चहा, कारण न देता. कारण द्यायला लागलास की समोरचा त्या कारणाशी वाद घालतो, हे कोल्हापुरातही खरं आणि नागोयातही.

बाकी तिथल्या रीतीच तुझ्या कामाला येतील. रिकामा ग्लास दिसला की भरायचा ही त्यांची पद्धत, मग तुझा ग्लास भरलेलाच ठेव, चहाने भरलेला, कोणी हात लावणार नाही. पहिल्या कानपाईला म्हणजे चिअर्स म्हणताना सगळ्यांबरोबर ग्लास उचल, त्यात काय आहे ते कोणी हुंगत नाही. आणि बाटली तू हातात घे, दुसऱ्यांना ओत, दोन्ही हातांनी, सेक्शन हेडना पहिल्यांदा. त्या बैठकीत मान राखला जातो तो या ओतण्यातून, आणि ते करायला स्वतः प्यावं लागत नाही. आणि पहिली जागा संपली की घरी. निजिकाईला म्हणजे दुसऱ्या जागी जाऊ नकोस, तुझ्यासारख्यांचं सगळं नुकसान बहुतेक तिथंच होतं, कारण तोपर्यंत नाही म्हणायची ताकद संपलेली असते. पोटात आधी काहीतरी घालून जा हेही आहेच.

आणि काळ बदलतोय रे तिकडे. २०२२ मध्ये जपानच्या कर खात्याने 'साके व्हिवा' नावाची स्पर्धा काढली होती, २० ते ३९ वयाच्या लोकांनी दारूकडे परत वळावं म्हणून आयडिया मागवल्या होत्या, कारण तरुण पोरं पीतच नव्हती आणि कर बुडत होता! मला सरकारचं ते वागणं अजिबात आवडलं नाही, पण त्यातून तुला हे तर कळतं की तुझ्या वयाची जपानी मुलंच नको म्हणायला लागलीयेत. शिवाय कामाच्या ठिकाणी वरिष्ठांनी केलेला छळ रोखायची जबाबदारी कायद्याने जून २०२० पासून मोठ्या कंपन्यांवर आणि एप्रिल २०२२ पासून छोट्या कंपन्यांवरही आहे, आणि हाताखालच्याला जबरदस्तीने पाजणं त्यात धरलं जाऊ शकतं. तुझे सेक्शन हेड तसे नसतील, तुझ्या पत्रावरून ते मला प्रेमाने ग्लास भरणारे वाटले. त्यांना एकदा कामाच्या वेळेत, बाजूला घेऊन सांग की मला पिणं कमी करायचंय, शुक्रवारी येईन पण पिणार नाही. जपानी माणसाला चारचौघांत दिलेला नकार टोचतो, आधी शांतपणे सांगितलेलं तो पाळतो. बहुतेक वेळा पुढच्या शुक्रवारी तेच तुझ्यासाठी चहा मागवतील.

मित्रांचं जपानपेक्षा अवघड आहे, कारण ते तुला लहानपणापासून ओळखतात आणि कुठं दाबायचं ते त्यांना माहितीये. बायल्या हा शब्द परत येणारच. त्यांच्याशी पुरुषपणावर वाद घालू नकोस, पण तू कोल्हापूरचा आहेस हे मात्र विसरू नकोस. आपल्याकडे मर्द म्हणून ज्याला सगळा गाव मान देतो तो पैलवान. गंगावेशच्या तालमीत काय किंवा गावातल्या साध्या तालमीत काय, वस्ताद पोरांना दारूला शिवू देत नाहीत, तिथं दूध, बदाम, थंडाई. त्या पोराला कोणी बायल्या म्हणत नाही. आणि दुसरा माणूस तुझ्या घरात आहे. माळकरी माणसाला गावात कोणी आग्रह करत नाही, उलट त्याच्यासमोर ग्लास लपवतात. म्हणजे न पिणाऱ्या पुरुषाला मान देणं आपल्याला येतं, आधीपासून येतं, होस्टेलवर ते विसरायला लावतात इतकंच. फक्त एक विनंती, वडिलांच्या माळेच्या आड लपू नकोस. तुला स्वतःला माळ घालावीशी वाटली तर जरूर घाल, पण मित्रांना गप्प करायला म्हणून नको.

बाटलीचं म्हणशील तर आणू नकोस. मित्र तुझ्या वयाचे असतील तर महाराष्ट्रात २५ वर्षांखाली व्हिस्की-रम घेणं कायद्यातच बसत नाही, बियरला २१ ची अट आहे. चॉकलेटं आण, नागोयाची उइरो नावाची मिठाई आण, त्यांच्या घरच्यांना पण खाता येईल. एक-दोन जण नाराज होतील आणि त्यातलाच एखादा नंतर एकटा भेटून विचारेल की तू कसं बंद केलंस रे. असं होतं. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हे फार वेळा वाचलंय.

कोणी म्हणेल की पोरांचं पिणं असंच असतं, ते बदलत नाही. आइसलँडमध्ये १९९८ ला १५-१६ वर्षांच्या मुलांत गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलो असं सांगणारी ४२ टक्के होती, २०१६ ला ५ टक्के. खेळ, संगीत, संध्याकाळी आईवडिलांबरोबर जास्त वेळ आणि कडक नियम, यातून. रशियात २०१४ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की चारातला एक पुरुष ५५ च्या आत मरतोय आणि त्यात व्होडकाचा मोठा हात आहे, आणि त्याच रशियात २००३ ते २०१६ मध्ये दारूचा खप ४३ टक्क्यांनी कमी झाला, कर वाढवून, रात्रीची विक्री बंद करून, जाहिराती रोखून. तिथल्या पुरुषांचा स्वभाव काही कोणी बदलला नव्हता.

आता शेवटचं, आणि हे टाळू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे, नेटवर मिळेल, फुकट आहे, पाच मिनिटं लागतात. खरी उत्तरं दे. ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या बाजूला गेलंय असं धरतात. तुमच्या कंपनीत दरवर्षी हेल्थ चेकअप होतोच, त्यातला गॅमा जीटीपीचा आकडा यकृताबद्दल बोलतो, मागचा रिपोर्ट काढून बघ. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीला स्वतःचा डॉक्टर नेमावा लागतो, सांग्योई, तो तू सांगितलेलं गुप्त ठेवायला बांधलेला असतो, त्याच्याशी बोल. मग 'डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय' हे खरंच म्हणता येईल, आणि त्यावर जपानमध्ये कोणी पुढे बोलत नाही. गावी असताना मन मोकळं करावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, व्यसनासाठी १४४४६ आहे, आणि पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून. वडिलांना आत्ताच सांगायला हवं असं मला वाटत नाही, पण एका कुणाला तरी सांग, बहीण असेल, पुण्यातला जपानीच्या क्लासचा मित्र असेल. तू हळवा आहेस, तुला सांगता येतं, मला नाही का सांगितलंस एवढं सगळं. पुष्कळ पुरुषांना हे जमतच नाही आणि त्यांची पत्रं मग त्यांच्या बायका लिहितात.

आणि एक, शुक्रवार सोडून इतर दिवशीही घेत असशील आणि ते तू पत्रात लिहिलं नसशील, सकाळी हात थरथरत असतील, घाम येत असेल, घेतल्याशिवाय झोप लागत नसेल, तर एकदम बंद करू नकोस, त्यात झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीतच थांबायचं असतं. तसं नसेल तर हा शुक्रवार ऊलोंग चहावर काढ. चाचणीचा स्कोअर मला कळव, आणि तो २० किंवा त्यावर आला तर शुक्रवारची वाट न बघता सोमवारीच सांग्योईची वेळ घे आणि मग मला लिही.